सोनकी ओळखताना



मागील लेखात बँक खात्यातील वारसनोंदीविषयी लिहिले होते. त्यावर बऱ्याच वाचकांचे दूरध्वनी आले, त्यांना यथाशक्ती उत्तरे दिली आहेत. या वेळचा विषय बँकेचा नाही, फुलांचा आहे. तरीही त्यात एक व्हाउचर आहे, त्या व्हाउचरवर माझी सही आहे, आणि ती सही करण्यात माझी चूक झालेली आहे.

आमचे एक लहानसे मंडळ आपल्याच जिल्ह्यातील एका टेकडीवरील तीर्थाच्या पायवाटेची देखभाल करते. गेल्या वर्षी वैशाखात बैठक झाली. त्या बैठकीत तरुण सभासदांनी सूचना मांडली की, भंडारदऱ्याकडे आणि कळसूबाईच्या वाटेवर लोक भाद्रपदात सोनकीची पिवळी पठारे पाहण्यासाठी गाड्या करून जातात, तर आपल्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सोनकी का फुलवू नये? सूचना सर्वांना आवडली. एका विक्रेत्याकडून चार किलो बियाणे आणले गेले. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘रानफूल – सोनकी’ असे छापलेले होते. खजिनदार या नात्याने बिल माझ्यापुढे आले. दर पाहिला, वजन पाहिले, बेरीज पडताळली आणि सही केली. पाकिटात नेमके काय आहे, ते मात्र पाहिले नाही. तीन दशकांहून अधिक काळ ज्याने इतरांच्या सह्या नमुना सहीशी ताडून पाहिल्या, त्याच्याकडून हे घडले. दोन किलो बियाणे मृग नक्षत्रात पायवाटेकडेने टाकले गेले, उरलेले दोन किलो पुढील वर्षासाठी माझ्याकडे ठेवण्यात आले.

भाद्रपदात पायवाट खरोखरच फुलून गेली. कमरेएवढी झाडे, त्यांवर नारिंगी छटेची पिवळी फुले. दर्शनास येणारी मंडळी थांबून छायाचित्रे काढू लागली. त्यांतीलच एक छायाचित्र आम्ही संवत्सरीनंतरच्या क्षमापना-पत्रिकेवर छापले आणि खाली ‘सह्याद्रीचे सुवर्ण – सोनकी’ अशी ओळ घातली. ती ओळ माझीच.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नात घरी आली. ती नाशिकला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते. पत्रिका हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “दादाजी, येत्या रविवारी माझ्यासोबत अंजनेरीला चला.” का, ते काही तिने सांगितले नाही. पुढे मला उमगले की ‘तुमचे चुकले’ असे आजोबांना तोंडावर सांगण्यापेक्षा डोंगर दाखवणे तिला सोपे वाटले असावे.

येवल्याहून नाशिक ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, तेथून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटरवर अंजनेरी. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हे स्थान हनुमानाचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते, परंतु पायथ्याच्या गावात जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांपैकी एका मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकातील, संस्कृत शिलालेख आहे. यादव घराण्यातील सेउणदेवाच्या काळात त्याच्या वाणी जातीतील मंत्र्याने काही दुकानांचे उत्पन्न जैन मंदिरास अर्पण केल्याची नोंद त्यात आहे. दुकानाच्या गल्ल्यातून देवस्थानाला वाटा काढून ठेवण्याची आपली रीत किती जुनी आहे, हे तेथे दगडावर वाचायला मिळते. मी तेथेच रेंगाळलो असतो, पण नातीला वर जायचे होते.

वरच्या पठारावर सुमारे तेराशे मीटर उंचीवर धुके उतरले होते. गवतामध्ये ठिकठिकाणी पिवळे ठिपके दिसत होते. नात एका झाडापाशी बसली. “दादाजी, ही सोनकी.”

मी म्हणालो, “ही कसली सोनकी? आमची तर कमरेपर्यंत येते. ही गुडघ्यालाही पोचत नाही.”

ती काही बोलली नाही. पिशवीतून भिंग काढून तिने माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “फूल वरून पाहू नका, खालून पाहा. तोडू नका मात्र.”

ती तोडू नका म्हणाली ते तिच्या शास्त्राच्या शिस्तीने, पण माझ्या मनात आजीचा आवाज आला. वनस्पतिकाय हाही जीवच, एकेंद्रिय असला म्हणून काय झाले, असे म्हणून आजी आम्हांला वाटेवरचे पानही खुडू देत नसे. फूल न तोडता ओळखायचे म्हणजे माणसाला वाकावे लागते. साठी उलटल्यावर ते सोपे नाही. पण वाकले की पुष्कळ गोष्टी दिसतात.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. सोनकी ही सूर्यफुलाच्या कुळातील. या कुळात जगभरात ३२,००० च्या आसपास जाती आहेत, म्हणजे फुलझाडांच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक. आपल्या घरातील झेंडू आणि शेवंती, तेलाच्या पेढीवरील करडई आणि सूर्यफूल, चटणीचे कारळे, ही सारी याच कुळातील भावंडे. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतेच. ती अनेक लहान फुलांची एकत्र मांडणी असते आणि तिला स्तबक म्हणतात. मधल्या चकतीतील प्रत्येक ठिपका हे स्वतंत्र बिंबपुष्पक, आणि कडेने पाकळीसारखे दिसणारे प्रत्येक पान हे स्वतंत्र किरणपुष्पक. आपल्या जुन्या पेढ्यांसारखीच ही व्यवस्था. दारावर पाटी एक, आत भाऊबंदांची खाती वेगवेगळी.

म्हणून या कुळातील फूल ओळखताना रंगावर विसंबून चालत नाही. भाद्रपदातील सह्याद्रीत पिवळ्या फुलांची कमतरता नाही. आपण येवलेकर पैठणी हातमागावरची की यंत्रमागावरची हे पाहताना काय करतो? पदर उलटा करतो. हातमागाच्या अस्सल पदराची उलटी बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ असते, यंत्रमागाच्या पदराला मागे सुटे धागे दिसतात. फुलाचेही तसेच आहे. स्तबकाच्या मागील बाजूस हिरव्या छदांची एक वाटी असते, आणि खरी ओळख त्या वाटीत असते.

सोनकीच्या वाटीत छदांची मुख्य ओळ एकच असते. सारी छदे अरुंद, जवळपास सारख्या लांबीची, एकमेकींना खेटून उभी. जणू पिंपाच्या फळ्या. अगदी तळाशी दोन-चार बारीक छदे असली तर असतात. पाने खोडावर एकाआड एक, कडा दातेरी. किरणपुष्पके आठ ते बारा, निर्भेळ पिवळी, आणि मधले बिंबही पिवळेच. झाड वीतभर ते हातभर. फूल फार तर रुपयाच्या नाण्याएवढे.

आता मी खिशातील पत्रिका काढली. छायाचित्रातील फुलाला बरोबर आठ रुंद किरणे होती आणि प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते स्पष्ट दिसत होते. पाने समोरासमोर जोडीने आलेली आणि बडीशेपेच्या पाल्यासारखी चिरत गेलेली. नातीने मग सावकाश सांगितले, “दादाजी, हा कॉसमॉस. मेक्सिकोचा. बागेत लावायला आणला आणि आता घाटांतून, रस्त्यांच्या कडेने आपोआप पसरतो आहे.”

त्या क्षणी मला पाकिटातील बियाणे आठवले. लांबट, सुईसारखे, टोकाला दोन काटे असलेले ते दाणे माझ्या बोटांना टोचले होते. सोनकीचा दाणा बारीक असतो आणि माथ्यावर पांढऱ्या रेशमी तंतूंचा झुबका असतो, वाऱ्यावर उडण्यासाठी. अशा उडत्या बीला आपण मराठीत ‘म्हातारी’ म्हणतो. सोनकीच्या गणाचे शास्त्रीय नाव सेनेसिओ हे लॅटिनमधील म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावरून, त्या पांढऱ्या केसांमुळेच पडले आहे. दोन दूरदेशीच्या भाषांना एकच उपमा सुचावी, याचा मला प्रवासभर आनंद वाटत होता. पण सही करताना मूठभर बियाणे उजेडात धरून पाहिले असते, तर हा प्रसंगच आला नसता.

सोनकीचे पूर्ण शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या ग्रंथांत ती सेनेसिओ ग्रॅहॅमी या नावाने सापडते, खातेदार तोच, नाव बदललेले. पश्चिम घाट हेच तिचे घर. पावसाच्या सरींबरोबर ती उगवते, ऑगस्टपासून फुलू लागते, दिवाळीच्या सुमारास म्हाताऱ्या उडवून वाळून जाते, आणि उरलेले सात-आठ महिने कातळावरच्या बोटभर मातीत केवळ बीजरूपाने काढते. तिच्या शेजारी अशीच अल्पायुषी, बुटकी मंडळी असतात. अशा ठिकाणी कमरेएवढा कॉसमॉस दाटीने उभा राहिला तर या बुटक्यांना ऊन मिळणार कोठून? अंजनेरीचेच उदाहरण घ्या. सेरोपेजिया अंजनेरिका या नावाची एक कंदीलपुष्पाची जात याच डोंगरावरून २००६ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाली. ती सूर्यफुलाच्या कुळातील नव्हे, पण अशी झाडे किती थोड्या जागेवर तग धरून असतात हे कळावे म्हणून सांगितले.

तेव्हापासून मला हा छंद जडला. नातीने सांगितले आणि मी पाहून घेतले, त्यातले उपयोगाचे तेवढे येथे देतो. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे आश्विनात डोंगरउतार पिवळे दिसले तर एकदम सोनकी म्हणू नये. बहुधा ते कारळ्याचे, म्हणजे खुरासणीचे शेत असते. त्याचे फूल मोठे, किरणांच्या टोकांना दाते आणि खालची पाने समोरासमोर. हे पीकही मुळात आफ्रिकेतून आलेले, पण ते आदिवासी शेतकऱ्याच्या बांधात राहते आणि आपल्या ताटात चटणी होऊन येते, त्याच्याशी माझे भांडण नाही. कवल्याची पिवळी फुले तर या कुळातीलही नव्हेत. ती वाटाण्याच्या गोत्रातील, आणि भिंग न लावताही पाकळ्यांच्या ठेवणीवरून कळतात. सोनकडी नावाची आणखी एक आहे. तिचे फूल सोनकीसारखेच वाटते, पण किरणे पुष्कळ आणि दोऱ्यासारखी बारीक, आणि मागची वाटी उलटून पाहिली की छदांच्या एकावर एक अनेक ओळी. येथे मी दोन वेळा फसलो.

पाथरी आपण भाजीसाठी ओळखतो. तिच्या स्तबकात मधली चकती नसतेच, सारी पुष्पके पट्टीसारखी चपटी, आणि देठ तुटला की दुधासारखा चीक येतो. देठ तोडायचा नाही हे व्रत असल्यामुळे मी शेळ्यांनी खाल्लेले झाड शोधतो. शेळ्यांचे काही व्रत नसते, त्यामुळे असे झाड लवकरच सापडते. एकदांडी, जिला काही जण कंबरमोडी म्हणतात, ती तर आपल्या प्रत्येक ओट्याच्या फटीत उगवते. लांब दांड्यावर एकच फूल, फिकट पाच किरणे. तीही मूळची अमेरिकेची. गाजरगवताविषयी सांगायला नको. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज बाजार समितीच्या कुंपणापासून रेल्वेच्या रुळांपर्यंत ते सर्वत्र आहे. अनेकांना ते सूर्यफुलाचे भावंड आहे हे सांगूनही पटत नाही. त्याचे पांढरे, ज्वारीच्या दाण्याएवढे स्तबक भिंगाखाली धरा, कडेला पाच इवली किरणे दिसतील.

आपल्या तालुक्यातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अंकाई-टंकाईची जैन लेणी आपण दर्शनाच्या निमित्ताने पाहतो, डोंगराकडे लक्ष जात नाही. कार्तिकात तेथील कोरड्या उतारावर मला उटकटारी भेटली. काटेरी पाने आणि वर काट्यांचा गोल चेंडू. शेतकरी तिला कंटाळलेले असतात. पण तो चेंडू म्हणजे या कुळातील सर्वांत नवलाची रचना आहे. त्यातील प्रत्येक पुष्पकाला स्वतःची वेगळी छदांची वाटी असते, म्हणजे एकेका फुलाचे एकेक स्तबक, आणि अशा शेकडो स्तबकांचा मिळून तो एक चेंडू. ही आपल्याच मातीतील. पाऊस कमी पडणाऱ्या आपल्या भागाला शोभेल अशी चिवट.

ज्यांना पुढे वाचावयाचे आहे त्यांनी पुण्याचे अभियंते श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘आसमंत’ अवश्य पाहावे. अभ्यासूंसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९१ साली काढलेला नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आहे, आणि थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघालेला आहे. ते दोन्ही इंग्रजीत आहेत आणि त्यांत चित्रांची करमणूक नाही. लेजरसारखे वाचावे लागतात. मला तशी सवय आहे.

आता पुन्हा व्हाउचराकडे येतो. अंजनेरीहून परतल्यावर दोन रात्री झोप लागली नाही. पत्रिका घरोघरी गेलेली होती. देणगीदारांची नावे फलकावर लागलेली होती. गप्प राहिलो असतो तर कोणाच्या लक्षातही आले नसते. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांना सांगितले आणि शरद पौर्णिमेच्या सुमारास बैठक भरली. मी सोनकीचे छायाचित्र आणि आमच्या पायवाटेचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले. एका तरुण सभासदाने लगेच म्हटले, “साहेब, मग रविवारी सगळे मिळून उपटून टाकू. तासाभराचे काम.”

सभेत शांतता पसरली. मग काकीजी बोलल्या. वय ऐंशीच्या पुढे, मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद. “आपणच पेरले, आपणच कौतुक केले, आणि आता आपणच मुळासकट उपटायचे? फुलावर आलेला जीव आहे तो. त्याने कुठे पाकिटावर खोटे नाव छापले?”

तरुण म्हणाला, “काकीजी, पण तो राहिला तर बाकीचे गवत, बाकीची फुले मरतील. तेही जीवच.”

दोघांचेही खरे होते. मी सभेत काहीच बोलू शकलो नाही. कर्जवसुलीच्या बैठकांत इतकी अडचण मला कधी झाली नव्हती, कारण तेथे चूक समोरच्याची असे. चर्चा दीड तास चालली. शेवटी काकीजींनीच मार्ग काढला. झाड एका हंगामाचे आहे, ते आपल्या मरणाने वाळू द्यावे, मात्र दाणे जमिनीवर पडण्याआधी वाळलेली स्तबके वेचून घ्यावीत. हा मार्ग निर्दोष आहे असे त्यांचेही म्हणणे नव्हते. दाण्यातही जीव असतोच. पण त्या म्हणाल्या, “एवढे तर आपल्याला करावेच लागेल.”

पुढील पाच रविवार आम्ही आठ-दहा जण कापडी पिशव्या घेऊन पायवाटेवर वाकत होतो. कॉसमॉसची सारी स्तबके एकदम पिकत नाहीत, आज वेचले की उद्या दुसरी तयार. सुईसारखे दाणे धोतरांना, सलवारींना, मोज्यांना चिकटत. संध्याकाळी घरी आल्यावर ते एकेक काढून डब्यात टाकणे हे माझे काम. वेचता वेचता पायऱ्यांच्या फटीत एकदांडी दिसली, थोडी पाथरी दिसली. उत्तरेकडच्या उतारावर, जेथे आम्ही बियाणे टाकले नव्हते, तेथे एक सोनकडीही दिसली. ती मी प्रथम सोनकी समजलो होतो हे येथे कबूल केले पाहिजे. बियाण्याचे पैसे मी माझ्या खात्यातून मंडळाकडे भरले. ते घेण्यास अध्यक्ष तयार नव्हते, पण पावती घेतल्याशिवाय मी उठलो नाही. विक्रेत्याला भेटलो तेव्हा त्याने सांगितले की माल त्यालाही त्याच नावाने आला होता.

यंदा मृग लागल्यावर पायवाटेवर जाऊन आलो. वेचूनही पुष्कळ दाणे पडलेले असणारच. पहिल्या वळणावर बडीशेपेसारख्या पानांची इवली रोपे जोडीजोडीने वर आली होती. मोजता मोजता दोनशेच्या पुढे गेली आणि मी मोजणे थांबवले. आषाढात बैठक आहे. विषयपत्रिकेवर हा विषय पहिलाच घेतला आहे, आणि काकीजींनी आवर्जून येण्याचे कळविले आहे.

न टाकलेले दोन किलो बियाणे आणि वेचलेल्या दाण्यांचे तीन डबे माझ्या कपाटात आहेत. ते जाळण्यास मन धजत नाही, आणि टाकण्यास जागा नाही. ताळेबंदात ते मी ‘शिल्लक माल’ या सदराखाली दाखविले आहेत, किंमत शून्य.